वडिलांचा व्यवसाय

आमच्या कोकणी मुसलमानांच्या तीन पिढ्या आखातात राबल्या. राजापूरपासून श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंत कुठल्याही मोहल्ल्यात जा, घराआड एक माणूस दुबईला, मस्कतला, कुवेतला नाहीतर दोह्याला असतो किंवा होता. तरी आखाताचा दर्या आमच्यातल्या फार थोड्यांनी पाहिला आहे. माझ्या काळात सहा दिवस काम, शुक्रवारी जुम्मा, बिर्याणी आणि झोप असा क्रम होता. दर्या म्हणजे संध्याकाळी कॉर्निशवर बायकामुलांना घेऊन बसायची जागा, किंवा विमान उतरताना खिडकीतून दिसणारं निळं पाणी.

आणि आपण आलो दर्यावरूनच, हे सांगताना मात्र आमची छाती फुगते. लग्नाच्या मांडवात, जमातीच्या सभेत कुणीतरी उठून सांगतंच की आपले पूर्वज अरब व्यापारी, ते गलबतांतून चौलला, दाभोळला उतरले. ते गलबत कुणी हाकललं, शीड कुणी ओढलं, वाटेत मासळी कुणी धरून दिली, हे कुणी विचारत नाही. दर्यावरून आला तो खानदानी आणि दर्यावर जातो तो दालदी, असा आमचा हिशेब आहे.

दालदी हा शब्द मी मुद्दाम लिहिला. 1880 सालच्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये मच्छीमार मुसलमानांची नोंद याच नावानं आहे. गॅझेटियरच्या साहेबानं तो नुसता जातीचा उल्लेख म्हणून लिहिला असेल. आमच्यात तो कुणी हळू आवाजात उच्चारतो, कुणी शिवीसारखा. मशिदीत खांद्याला खांदा लागतो, दस्तरखानही एक असतो. सोयरीक आली की मात्र विचारतात, ‘‘म्हणजे खाडीवरचे का?’’

आम्ही खाडीवरचे. रत्नागिरीच्या राजिवड्याचे, भाट्याच्या खाडीच्या काठचे. वडील तांडेल. नाखवा म्हणजे होडीचा मालक आणि तांडेल म्हणजे ती होडी दर्यात नेऊन परत आणणारा. बाबा तेराव्या वर्षी होडीवर चढले, शिडाचा काळ त्यांनी पाहिला, मग इंजिनं आली, मग ट्रॉलर आले. पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या होड्या त्यांनी सांभाळल्या. स्वतःची होडी कधी झाली नाही. त्या कमाईत मी डिप्लोमा केला आणि दुबईला एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागलो.

2012 च्या हिवाळ्यात मी बाबांना व्हिजिट व्हिसावर बोलावलं. आई गेल्यावर ते घरात फार गप्प झाले होते. वय सत्तर. त्याच सुमारास धाकट्या बहिणीच्या लग्नाचं चाललं होतं. बायोडाटा तयार करताना ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यापाशी सगळे अडले. दुबईतला माझा एक मित्र, चांगला माणूस, म्हणाला, ‘मत्स्यव्यवसाय’ लिही, नाहीतर सरळ ‘व्यापार’. मी बाबांना फोनवर विचारलं होतं. ते म्हणाले, ‘‘व्यापार मी कधी केला? तांडेल लिही.’’ मी तांडेल लिहिलं. (बाबा बोलत ती आमची खाडीवरची कोकणी, इथं मी ती बरीच पुस्तकी करून देतो आहे. छापल्यावर ती बोली ओळखू येईल असं लिहायची अजून आपल्याकडे रीतच पडलेली नाही.)

डिसेंबरच्या 2 तारखेला अमिरातीचा राष्ट्रीय दिन असतो. त्या वर्षी तो रविवारी आला आणि शुक्रवार धरून तीन दिवस सुट्टी मिळाली. त्याच मित्रानं मुसंदमच्या सफरीचा बेत काढला. दोन रात्री, तीन दिवस बोटीवर राहायचं, कड्यांच्या कडेकडेनं उत्तरेला जायचं आणि मासे पकडायचे. बारा जण. ऑफिसातले काही, त्यात एक इंग्रज इंजिनियर आणि एक लाहोरचा पाकिस्तानी, दोघे केरळी, आणि आम्ही कोकणी चौघे. चौथे होते ते बहिणीसाठी ज्या मुलाचं चाललं होतं त्याचे मामा. घराणं जुन्या खोतांचं, म्हणून इथं त्यांना खोतसाहेब म्हणतो. माझ्या मित्रानं त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. दोन्ही घरांची ओळख होईल असा त्याचा भाबडा हिशेब होता.

बाबांना मी बेत सांगितला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा. मी आकडा सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘म्हणजे मासळी धरायला आपण पैसे द्यायचे?’’

‘‘हो.’’

‘‘आणि मासळी नाही लागली तर परत देतात का?’’

मुसंदम म्हणजे अरबस्तानाचं इराणच्या दिशेनं समुद्रात घुसलेलं टोक. राज्य ओमानचं, पण बाकीच्या ओमानपासून ते तुटलेलं आहे; मधे अमिरातीचा मुलूख येतो. चुनखडीचे डोंगर सरळ समुद्रातून वर उठलेले. सर्वांत उंच जबल हरीम 2087 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा बराच उंच. त्या डोंगरांत पाणी दूरवर आत शिरलेलं असतं, त्याला तिकडे खोर म्हणतात. पर्यटनवाले याला अरबस्तानचं नॉर्वे म्हणून विकतात. नॉर्वेतल्या खाड्या हिमनद्यांनी कोरल्या; इथं बर्फाचा काही संबंध नाही. हा सगळा भूभागच खाली खचतो आहे आणि बुडालेल्या दऱ्यांत समुद्र भरला आहे. काही गावांना आजही रस्ता नाही. अगदी उत्तर टोकाजवळच्या कुमझारला फक्त होडीनं जाता येतं आणि तिथली माणसं स्वतःची वेगळी भाषा बोलतात, जी फारसीच्या कुळातली असून अरबीनं भरलेली आहे. याच डोंगरांच्या पश्चिमेकडच्या एका खोरात एका खडकाळ बेटावर 1864 साली इंग्रजांनी तारेचं ठाणं केलं होतं. हिंदुस्थान आणि इंग्लंड जोडणारी तार तिथून जात होती. ते बेट मी नंतर एकदा खसबहून पाहिलं. एक घर मावेल एवढीही सपाटी तिथं धड नाही. उन्हाळ्यात त्या कारकुनांचं काय झालं असेल ते अल्लाहला माहीत.

आम्ही गेलो ते पूर्वेच्या बाजूनं, दिब्ब्याहून. दुबईपासून दीडशेएक किलोमीटर. दिब्बा हे मजेशीर गाव आहे, एकाच गावाचे तीन तुकडे: एक फुजैरा अमिरातीचा, एक शारजाचा आणि एक ओमानचा. बोट ओमानच्या बंदरातून सुटणार होती. बोटवाल्यांनी पासपोर्टच्या प्रती आधीच मागवून परवाना काढून ठेवला होता. बाकीच्यांना सकाळी लवकर निघायचं होतं, पण बाबा म्हणाले, जुम्मा चुकवून निघायचं नाही. दिब्ब्याच्या मशिदीत नमाज झाली आणि मग आम्ही धक्क्यावर गेलो.

बोट लाकडी होती, जुन्या अरबी घाटाची, दोन मजली. वर गाद्या-तक्के, खाली खोल्या, मागे दोन छोट्या फायबरच्या होड्या बांधलेल्या. सगळे फोटो काढत वर चढले. बाबा धक्क्यावरच थांबले. त्यांनी नाळेपासून मागपर्यंत एक फेरी मारली, वाकून पाण्याची रेघ पाहिली, फळीवर बोटाची पेरं वाजवली.

‘‘साग,’’ ते म्हणाले. ‘‘आपल्याकडचा.’’

बोटीचा नाखुदा वरून पाहत होता. साठीच्या आसपासचा, ओमानीच, पांढरा झगा आणि डोक्याला फडकं. तो खाली उतरला. त्याला हिंदी येत होतं, जुन्या आखाती माणसांना येतं तसं, क्रियापदं सगळी एकाच काळातली. बाबांनी सांगितलं, साग आहे. तो म्हणाला, मलबार. दोघं हसले. पूर्वी या किनाऱ्यावरची गलबतं खजूर घेऊन मुंबई-मलबारला जात आणि येताना लाकूड आणत. नाखुद्याचा बाप त्या फेऱ्यांवर होता. मग नाखुद्यानं विचारलं, तू काय काम करतोस? बाबा म्हणाले, ‘‘नाखवा नाय. तांडेल.’’ त्याला तांडेल कळलं नाही, नाखवा कळला. कळणारच, त्याचा नाखुदा आणि आमचा नाखवा हा एकच शब्द आहे, फारसीतून दोन्हीकडे गेलेला: नाव म्हणजे होडी आणि खुदा म्हणजे मालक. नाखुद्यानं बाबांच्या तळव्यावर बोट फिरवलं. दोराचे घट्टे बारा वर्षं काम सोडूनही गेले नव्हते. त्यानं त्यांचा हात धरून वर नेलं आणि सुकाणूजवळच्या बाकावर बसवलं. सफर संपेपर्यंत बाबांची जागा तीच राहिली. आम्ही गिऱ्हाईक होतो.

खोतसाहेब समोरच्या तक्क्यावर बसून हे पाहत होते. त्यांनी मला बोलावून विचारलं, ‘‘वडील दर्यात होते वाटतं?’’ मी म्हटलं, ‘‘हो, तांडेल होते. बायोडाटात आहे.’’ ते म्हणाले, ‘‘हो हो, वाचलंय.’’ आणि केळं सोलू लागले. माणूस वाईट नव्हता, एवढं मी आजही म्हणेन.

दिब्बा मागे पडलं की थोड्याच वेळात रस्ता, दिवे, माणसांच्या खुणा संपतात. डाव्या हाताला डोंगर, नुसता डोंगर. झाड नाही, गवत नाही, थरावर थर रचलेला करडा दगड आणि त्याचा पाय थेट पाण्यात. किनारा असा नाहीच. कड्याला लागूनसुद्धा पाणी खोल. मधेच एखादी चिंचोळी पुळण, तिच्यावर दोन-तीन घरं, बकऱ्या आणि पावसाचं पाणी साठवायचं टाकं. बाबांना हे फार विचित्र वाटलं. ‘‘खाडी आहे आणि नदी नाही,’’ असं ते सारखं म्हणत होते. आमच्या खाडीत वरून काजळी नदीचं गोडं पाणी येतं, गाळ येतो, खारफुटी येते, आणि मासळीची पिल्लं तिथंच वाढतात. इथली खोरं आत मैलोगणती गेली आहेत, पण त्यांत वरून काही येत नाही. मग मासळी खाते काय? नाखुदा म्हणाला, खालून येतं. इथं आखाताचं खारं, उष्ण पाणी आणि हिंदी महासागराचं पाणी समोरासमोर येतं, टोकाशी प्रवाह जोरात धावतो, आणि छोटी मासळी त्या प्रवाहाबरोबर कड्याला येऊन लागते. तिच्यामागे मोठी. बाबांनी कान देऊन ऐकलं. सत्तराव्या वर्षी त्यांना त्यांच्याच विषयातलं कुणीतरी नवीन सांगत होतं.

पहिली संध्याकाळ धावत्या बोटीमागे गळ सोडण्यात गेली. गळाला आमिष नाही, रंगीत प्लॅस्टिकची खोटी मासोळी. बोट चालू लागली की ती पाण्यात थरथरते आणि सुरमई फसते. सुरमईला तिकडे कनअद म्हणतात. ओमानात 15 ऑगस्टपासून 15 ऑक्टोबरपर्यंत तिची मासेमारी बंद असते, त्यामुळे डिसेंबरात ती भरपूर. दोन चांगल्या लागल्या, एक केरळी दोस्ताला आणि एक माझ्या मित्राला. बाबांनी काठी हातात घेतली नाही. ती चकती, ती फिरकी, तो किर्र आवाज त्यांना खेळण्यासारखा वाटत होता.

पण सुकाणूजवळ एक पडदा होता. पाण्याची खोली, तळ खडकाळ की वाळूचा, आणि मधे मासळीचा थवा असेल तर रंगाचा डाग, हे सगळं त्याच्यावर दिसायचं. आता कुणीही लेखक इथं असं लिहील की माझ्या अनाडी बापानं पाण्याचा रंग पाहून, पाखरं पाहून त्या यंत्राला हरवलं. तसं काही झालं नाही. बाबा त्या पडद्यापुढे अक्षरशः लहान मुलासारखे बसून राहिले. रात्री जेवायलाही उठेनात. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, ‘‘आयुष्य अंदाजानं गेलं रे. एका खडकावर चार वावऱ्या फाडल्या मी. नाखव्यानं पैसे कापले. खाली खडक आहे हे या डब्यानं तेव्हा सांगितलं असतं तर?’’ वावरी म्हणजे आमच्याकडचं उभं सोडायचं जाळं. ते फाटलं की तांडेलाची झोप उडते. म्हाताऱ्या कोळ्या-दालद्यांच्या ज्ञानाचं कौतुक करणारे आपण लोक बहुतेक करून कोरड्या पायांचे असतो. ज्यानं अंदाज चुकल्याची किंमत मोजली आहे त्याला यंत्र आवडतं.

बोट रात्री एका आडोशाच्या खोरात नांगरली. कार्तिकी पुनव होऊन दोन दिवस झाले होते, चंद्र उशिरा वर यायचा होता. तेवढ्या अंधारात पाणी पेटलेलं दिसलं. दोर हलवला तरी हिरवट उजेड उमटायचा. बाबांची महिन्याची मोजणी तिथींवर चाले. चाँदरात आणि ईदेसाठी हिजरी, आणि जाळ्यासाठी पुनव, अवस, अष्टमीचा भांग. त्यांना या दोन पंचांगांत कधी भांडण दिसलं नाही. दर्याच्या पाण्याला हिंदू-मुसलमान दोघंही उधाण आणि भांगच म्हणतात.

ईशाच्या आधी त्यांनी समुद्राचंच पाणी काढून वजू केली आणि किबला विचारला. नाखुद्यानं कड्याकडे बोट दाखवलं. बाबा क्षणभर घुटमळले. रत्नागिरीत किबला पश्चिमेला, म्हणजे दर्यावर. आयुष्यभर त्यांनी दर्याकडे तोंड करून नमाज पढली. इथं मक्का डोंगरापलीकडे नैर्ऋत्येच्या अंगाला आणि दर्या पूर्वेला. पहिल्यांदाच त्यांनी पाण्याकडे पाठ केली. सलाम फिरवल्यावर मला म्हणाले, ‘‘मागून कुणीतरी बघतंय असं वाटत होतं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी इंग्रजाला मोठा मासा लागला. पाणी उधळणारी लाकडी चकली तो कड्याच्या तोंडाशी फेकत होता. लागला तो मोठ्या जातीचा कोकर. अर्धा तास ओढाताण. माणूस घामानं निथळत होता. मासा वर आला तेव्हा वीसेक किलोचा तरी असेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंग्रजानं त्याला दोन्ही हातांवर धरून एक फोटो काढून घेतला, मग छोट्या होडीत वाकून त्याचं तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात पुढेमागे हलवत राहिला. कल्ले हलू लागले. त्यानं शेपूट सोडली आणि मासा खाली गेला.

बाबा उभे राहिले होते. ‘‘सुटला?’’ त्यांनी मला विचारलं.

‘‘सोडला.’’

‘‘का?’’

मी सांगितलं की हे लोक मोठा मासा मारत नाहीत, पकडतात आणि सोडतात. बाबांनी इंग्रजाचा गळ मागून घेतला. टोकामागचा उलटा काटा त्यानं पक्कडीनं दाबून सपाट केलेला होता, मासा कमी जखमी व्हावा म्हणून. बाबांनी तो गळ माझ्यापुढे धरला. पंचेचाळीस वर्षांत गळाचा काटा मोडून दर्यावर जाणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

त्यावरून वर गाद्यांवर चांगलाच वाद रंगला. लाहोरचा मित्र म्हणाला, समुद्राची शिकार हलाल आहे ती खाण्यासाठी; जिवाला खेळ म्हणून छळायचं नाही. (हाच मित्र रात्री खेकडा आणि माकूल बाजूला सारून बसला होता, कारण तो हनफी, आम्ही कोकणी शाफई, आम्हाला दर्यातलं सगळं चालतं. त्यावर झालेली थट्टा इथं सांगत नाही.) इंग्रज म्हणाला, ठीक आहे, मग मी तो मारायला हवा होता का? असा कोकर वाढायला बरीच वर्षं लागतात. खोतसाहेब म्हणाले, शौक हा शौक असतो, त्यात हलाल-हराम कशाला आणायचं. बाबांना मी सगळं भाषांतर करून सांगितलं. ते म्हणाले, ‘‘त्याचं घर मासळीवर चालत नाही म्हणून तो सोडू शकतो.’’ थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, ‘‘पण आमच्या ट्रॉलरवाल्यांनी बोटभर पिल्लं तरी सोडली असती.’’ मला आजही या वादात कुणाची बाजू घ्यावी कळत नाही. लाहोरवाल्याचं म्हणणं मनाला पटतं, पण जो मासा पोहत गेला त्याला विचारायची सोय नाही.

दुपारी बोट लिमाजवळ थांबली. डोंगराच्या कुशीत बसलेलं गाव, मशिदीचा मिनार, पुळणीवर ओढलेल्या होड्या. गावाचं पाणी आणि वाणसामान होडीनंच येत होतं. नाखुद्याची तिथं सोयरीक होती; तो बाबांना छोट्या होडीतून घेऊन गेला आणि दुभाषा म्हणून मला. पुळणीवर तारेच्या घुमटासारखे पिंजरे रचून ठेवले होते. त्यांना गरगूर म्हणतात. आत आमिष ठेवून तळाला सोडतात, हमूर म्हणजे आपला गोबरा आत शिरतो आणि त्याला बाहेरची वाट सापडत नाही. बाबा गुडघ्यावर बसून त्या पिंजऱ्याचं तोंड तपासत होते. तिथल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराशी त्यांचं तासभर बोलणं झालं. माझी मोडकी अरबी, नाखुद्याची हिंदी आणि हातवारे. मला वाटलं होतं दोन दर्यावर्दी वादळांच्या गोष्टी काढतील. त्यांनी काढले ते भाव. कनअदचा भाव काय मिळतो, दलाल किती कापतो, बर्फ कुठून येतो, डिझेल कसं पडतं. म्हातारा म्हणाला, इंजिनासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतली की मासळी त्यालाच घालावी लागते, त्याच्याच भावानं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. राजिवड्यात, मिरकरवाड्यात हेच चालत आलं आहे.

मग म्हाताऱ्यानं आनंदानं सांगितलं की सरकारनं ट्रॉलर बंद केले. ते खरं होतं; तळ खरवडून नेणारी ट्रॉलची मासेमारी ओमाननं 2011 मध्ये थांबवली. बाबांनी मला दोनदा विचारायला लावलं. सगळेच बंद? सगळेच. बाबा म्हणाले, ‘‘यांचा सुलतान कधी होडीवर चढला असेल.’’ आमच्याकडे पर्ससीन जाळ्यांवर मर्यादा घालणारा आदेश निघाला 5 फेब्रुवारी 2016 रोजी. त्यानं मोसम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. ती बातमी आली तेव्हा बाबा अंथरुणावर होते. मी वाचून दाखवली, तर म्हणाले, ‘‘लिमाच्या त्या म्हाताऱ्याला कळव.’’ त्याचा पत्ता कुठून आणणार?

त्या रात्री खोतसाहेबांनी बाबांपाशी बसून गळ टाकला. बोट एका खडकाच्या वर उभी होती. पडद्यावर डाग दिसत होता. खलाशांतला एक बंगाली मुलगा साध्या चकतीवर गुंडाळलेला दोर घेऊन काठीशिवाय मासेमारी करत होता. त्याच्याकडून बाबांनी एक चकती मागून घेतली. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी दोर हातात धरला. शिसं तळाला टेकलं की दोर सैल पडतो. मग हातभर वर ओढायचा आणि तर्जनीवरून नेऊन थांबायचं. ते थांबणंच कठीण. मासा आधी आमिष नुसतं चाचपतो. तेव्हा ओढलं तर गेला. बाबांचं बोट कधी काय ऐकत होतं कळत नव्हतं; मनगट एकदा हलायचं आणि मग दोर हातांवर हात टाकून वर यायचा, घाई नाही, सैल नाही. शेरी, तांब, एक जाडजूड हमूर. शेजारी खोतसाहेबांचा गळ रिकामाच वर येत होता. शेवटी बाबांनी त्यांचं बोट आपल्या हातात धरून दोरावर ठेवलं. ‘‘आता काही करू नका,’’ म्हणाले. पाच मिनिटांनी खोतसाहेबांना शेरी लागली. सत्तावन-अठ्ठावन वर्षांचा तो माणूस असा काही ओरडला की झोपलेले जागे झाले. नंतर बराच वेळ ते दोघं बोलत बसले होते. मी दूर होतो, काय बोलले माहीत नाही. बाबांनी सांगितलं नाही.

ती सोयरीक झाली नाही. महिनाभरानं मित्राकडे निरोप आला की मुलाला पुढे शिकायचं आहे. मुलाचं लग्न त्याच वर्षी झालं. बहिणीला 2014 मध्ये हर्णैच्या घरात दिली. नवरा शिक्षक आहे, सुखात आहे. खोतसाहेबांना मी नंतर दोनदा भेटलो. दोन्ही वेळी त्यांनी आधी बाबांची तब्येत विचारली, आणि दोन्ही वेळी ती शेरीची गोष्ट शेजारच्याला सांगितली. ‘‘यांच्या वडिलांनी शिकवलं,’’ असं म्हणून. असंही असतं. जातीची भिंत ज्या माणसात उभी असते त्याच माणसात हेही असतं, आणि या दोन्ही गोष्टींचा एकमेकींना पत्ता नसतो.

रविवारी दुपारी बोट दिब्ब्याला लागली. बर्फाच्या पेट्यांत मासळी होती. ज्यानं पकडली ती त्याची असं धरून सगळे आपापली मासळी ओळखायला लागले. बाबा पुढे झाले आणि त्यांनी पेट्या धक्क्यावर उपड्या करायला लावल्या. नाखुदा हसत बाजूला उभा राहिला. त्याला कळलं होतं. बाबांनी वाटे घालायला सुरुवात केली. एक होडीचा. एक नाखुद्याचा. खलाशांचे चार. स्वयंपाक्याचा एक, कारण आमिष त्यानं कापलं होतं. उरलेले आमचे. मोठी मासळी एकाच वाट्यात जाऊ नये म्हणून ते परत परत उचलून बदलत होते, अगदी राजिवड्याच्या बंदरावर बदलायचे तसे. केरळी दोस्ताची सुरमई बंगाली मुलाच्या वाट्यात गेली. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. इंग्रजानं स्वतःहून विचारलं की आपला वाटा कसा, आपण तर सोडून दिला. मी ते बाबांना सांगितलं.

‘‘त्याला म्हणावं, होडीत होता ना?’’ बाबा म्हणाले आणि त्याच्या वाट्यावर एक तांब टाकली.